लोकसहभाग कसा उरकावा

अभिनंदन! गावच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष म्हणून तुमची बिनविरोध निवड झाली. सभेची दवंडी कुणाच्या कानावरच गेली नव्हती, त्यामुळे विरोध करायला कुणी आलं नाही. तरी निवड ती निवड. आता हार घ्या, फोटो काढा आणि निर्धास्त व्हा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात वन सांभाळणं फारसं जड काम नाही. जिल्हा केवढा तरी मोठा, अकरा तालुक्यांचा, पण नकाशावर हिरवा ठिपका शोधायचा तर चष्मा पुसून घ्यावा लागतो. पाऊस वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मनात आलं तर. जे मुळात थोडकं आहे ते राखायला कितीसा वेळ लागणार?

तरी लोकसहभाग दाखवावा लागतो. त्याचं असं झालं की १९८८च्या राष्ट्रीय वन धोरणात जंगलाकाठच्या लोकांची आठवण झाली, जून १९९० मध्ये केंद्रानं राज्यांना पत्र धाडलं आणि १९९२ साली महाराष्ट्रानंही शासन निर्णय काढला. लोकांनी जंगल राखायचं, बदल्यात गवत, सरपण, किरकोळ वनोपज आणि पुढे लाकडाच्या उत्पन्नात वाटा घ्यायचा, असा तो सौदा. याचं मूळ पश्चिम बंगालमधल्या आराबारीला. १९७०च्या दशकात तिथल्या एका वन अधिकाऱ्यानं गावकऱ्यांना साल वृक्षांच्या उत्पन्नात चौथा हिस्सा कबूल केला, आणि ज्या रानाचे नुसते बुडखे उरले होते तिथं पुन्हा फूट आली. ही कथा तुम्हाला माहीत असू द्या, पण सभेत सांगत बसू नका. ऐकणारे ‘राखायचं’ विसरतात आणि ‘हिस्सा’ तेवढा लक्षात ठेवतात.

सुरुवात रजिस्टरपासून करा. जंगल वाढायला वीस वर्षं लागतात, रजिस्टर एका दुपारी वाढतं. केंद्राच्या २००० सालच्या सूचनांप्रमाणे सर्वसाधारण सभेत निम्म्या आणि कार्यकारिणीत किमान ३३ टक्के महिला हव्यात. यात अडचण कसली? मतदार यादी आहे, शाईचं पॅड आहे. रोज पहाटे रानातून सरपणाचा भारा आणणाऱ्या काकूंचं नाव घाला, अंगठा त्यांच्या घरूनच आणवा. त्यांना सभेला बोलावू नका. कोणती बाभूळ वाळली, कोणत्या ओढ्याला अजून ओल आहे, रात्री ट्रॅक्टर लावून कोण तोड करतं, हे त्यांना पाठ असतं. बाई बोलायला लागली की सभा लांबते, आणि ट्रॅक्टरवाला बहुधा आपल्याच पॅनेलचा निघतो.

आता वृक्षारोपण. मुहूर्त १ जुलै. राज्यानं २०१६ साली त्या दिवशी २ कोटी झाडांचा संकल्प केला, पुढे ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ला ३३ कोटी. आकडा असा वाढत गेला की झाडांनाही आपल्या जन्मदराचा हेवा वाटावा. आमच्याकडे पावसाचा खरा जोर सप्टेंबरात असतो आणि जुलैत अनेकदा नुसता वारा सुटतो, ही तक्रार जुन्या शेतकऱ्यांकडून येईल. तुम्ही म्हणा, शासन निर्णयात जुलै आहे. खड्डा दीड फुटांचा घ्या. खरं तर नवा घ्यायचीही गरज नाही, गेल्या वर्षीचा आहेच. त्यातलं वाळकं काढायचं, नवं ठेवायचं, पाहुण्यांच्या हातात झारी द्यायची. फोटो जिओ-टॅग करायला विसरू नका. मे महिन्यात पारा ४२च्या पुढे गेल्यावर त्या अक्षांश-रेखांशावर काय आहे, हे बघायला उपग्रहसुद्धा इकडे वाकून पाहत नाही.

शहरातल्या वाचकांनीही मागं राहू नये. विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात सकाळी चालायला जाता ना? रविवारी पन्नास जणांनी मिळून एक गुलमोहर लावा, ग्रुपवर टाका. नाश्त्याच्या प्लेटा तिथंच राहिल्या तर राहू द्या, त्याही हिरव्या असतातच हल्ली.

रोप कोणतं, हा प्रश्न विचारू नका. गिरिपुष्प लावा. लवकर वाढतं, शेळी सहसा तोंड लावत नाही, आणि दुरून हिरवंगार दिसतं. दुरून दिसणं महत्त्वाचं, कारण पाहणी गाडीतून होते. सोबत जेसीबी लावून माळावर सलग समतल चर खणून घ्या. उतारावर पाणी अडवायला चर चांगला, याबद्दल दुमत नाही. पण तुम्ही उतार बघत बसू नका, मशीन ताशी भाड्यानं आलेलं असतं. माळावर पवन्या, मारवेल, कुसळी असलं गवत उभं असेल तर ते उपटून निघेल. निघू द्या. गवताला जंगल म्हणत नाहीत, आणि सरकारी कागदावर माळ म्हणजे पडीक. पडीक जमिनीचं आपण भलं करतो आहोत.

इथं थोडं थांबून माळढोकाचं सांगतो, कारण लोकसहभाग उरकण्याचा यापेक्षा मोठा नमुना आपल्या जिल्ह्यात नाही. नान्नजच्या माळावर हा पक्षी आहे, हे १९७०च्या दशकात सोलापूरच्याच एका शाळामास्तरांनी अभ्यासकांच्या नजरेस आणून दिलं. म्हणजे चुकून का होईना, सुरुवात लोकसहभागानंच झाली होती. ती लगेच दुरुस्त करण्यात आली. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं, सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत पसरलेलं. एवढ्या जागेत गावं आली, बागायती आली, रस्ते आले, एसटी स्टँड आले. माणसांना विचारलं नव्हतं, पण नकाशात मात्र सगळ्यांना सामावून घेतलं होतं. याहून व्यापक सहभाग कुठं मिळेल? मग जमीन विकायची तर परवानगी, बांधायचं तर परवानगी. ज्या पक्ष्याला करमाळ्याच्या, माढ्याच्या शेतकऱ्यानं कधी खडा मारला नव्हता, त्याच्या नावानं तो बोटं मोडायला लागला. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं, तोवर पक्षी मोजायला हाताची बोटंही जास्त होऊ लागली होती.

आणि त्या पक्ष्याची मागणी तरी काय होती? पंधरा किलोपर्यंत वजनाचा धिप्पाड जीव, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालतो, आणि चहूकडे लांबवर दिसावं एवढीच त्याची अट. त्याला झाड नको होतं. आपण त्याला झाडं दिली. विजेच्या तारा दिल्या. उसाचे फड दिले. पाहुण्याला जे नको तेच आग्रहानं ताटात वाढणं ही आपली जुनी रीत.

तर अशा माळावर तुम्हाला हमखास एक मेंढपाळ भेटेल. खांद्यावर घोंगडं, मागं शे-दोनशे मेंढरं. तो म्हणेल, “मालक, हितं झाडं लावून काय करायलाव? माळाला माळच ऱ्हाऊ द्या की. पावसाळ्यात ह्यो तुकडा आमी सोडताव, दिवाळीनंतर चारताव. माझा आजाबी असंच करायचा.” याला आळीपाळीची चराई म्हणतात, आणि हाच विषय घेऊन पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत कार्यशाळा होतात. पण घोंगड्यावाल्याच्या तोंडून तो आला की त्याला अतिक्रमण म्हणायचं. लगेच चराईबंदीचा फलक लावा. फलकावर काळविटाचं चित्र काढा आणि शेजारी तुकोबांची अभंगवाणी घाला. लांडग्याचं चित्र नको. लांडगा याच माळावर आहे आणि तो याच मेंढपाळाचं मेंढरू उचलतो. भरपाईच्या फेऱ्या मारून थकलेल्या माणसानं तरीही त्याला विष घातलं नसेल, तर ते संवर्धन आहे. पण त्याचं रजिस्टर नाही, म्हणून ते धरता येत नाही.

कुणी जास्त शिकलेला पोरगा २००६च्या वनहक्क कायद्याचं नाव काढेल. त्या कायद्यात फिरत्या पशुपालकांच्या हंगामी चराईचाही हक्क लिहिलेला आहे, हेही तो वाचून आलेला असेल. त्याला सांगा, तो कायदा गडचिरोलीचा. तिकडं मेंढा-लेखा गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, २०११ला आपला बांबू आपण विकायचा परवानाही मिळाला. पण ते लोक प्रत्येक निर्णय सर्वसहमतीनं घेतात, महिनोन्महिने चर्चा करतात. आपल्याला एवढा वेळ कुठला? आपल्याला दुपारी साखर कारखान्यावर जायचं असतं.

वर्षातून एकदा अभ्यास दौरा मात्र काढा. हिवरे बाजार बघण्यासारखं आहे, आणि पुढे शिर्डी-शनिशिंगणापूरही होऊन जातं. तिथं चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी का टिकली, हे ते सांगतील: डोंगरावरचं गवत कापून न्यायची मुभा गावालाच होती, आणि नियम करताना ग्रामसभा बसली होती. तेवढ्या वेळात तुम्ही बसच्या टायरची हवा तपासून घ्या. परत आल्यावर अहवालात ‘बंदी’ हा शब्द ठळक लिहा. ग्रामसभेचं नंतर बघू.

सोलापूरला झाडांच्या बाबतीत लोकसहभागाचं वावडं आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. मे १९३०मध्ये इंग्रज सरकारच्या शिंदीच्या महसुलावर घाव घालायला लोक रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला शिंदीची झाडं तोडायला गेले होते. गोळीबार झाला, माणसं गेली, शहरात मार्शल लॉ आला. त्याच वर्षी तिकडं पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी सरकारी रानातलं गवत कापून कायदा मोडला. नीट बघा, भांडण झाडाचं नव्हतंच. रानावर शब्द कुणाचा चालणार, याचं होतं. म्हणून म्हणतो, असल्या जयंत्या-पुण्यतिथ्या आपण हुतात्म्यांच्या पुतळ्यापाशी साजऱ्या कराव्यात. समितीच्या सभेत आणू नयेत.

कारण कितीही जपलं तरी एखाद्या सभेत मागच्या रांगेतून कुणी म्हातारा उठतोच. “औंदा गवताचा लिलाव झाला, त्याचं पैसं कुटं गेलं? आन् पुढच्या साली गवत कुणी कापायचं, हे कोण ठरवणार?” सभा एकदम शांत होते, वनरक्षक मोबाइलमध्ये बघतो, आणि सगळ्यांच्या माना तुमच्याकडे वळतात. अशा वेळी चिडू नका. “अण्णा, लाखाचं बोललात,” म्हणा आणि आचाऱ्याला खूण करा. गरम भात, आमटी आणि शेंगाचटणी आली की कोरम आपोआप ताटांकडे सरकतो. रात्री प्रोसिडिंग लिहिताना चराईबंदी कायम ठेवण्याचा ठराव घ्या, एकमतानं मंजूर म्हणा, आणि सूचक म्हणून त्याच म्हाताऱ्याचं नाव घाला.