कचऱ्याची आंघोळ

आमच्या घरात माणसांची आंघोळ एक वेळ टळेल, कचऱ्याची टळत नाही. एकदा वापरून फेकायचं प्लॅस्टिक कमी करायचं आणि तरीही जे घरात शिरेल ते धुऊन, वाळवून, वेगळं करून द्यायचं, असा ठराव झालाय. ठराव सौ.चा, अंमलबजावणी माझी.

शाम्पूची रिकामी बाटली आतून धुणं हे काम तापट माणसाने अंगावर घेऊ नये. काल उलटी करून बडवली तरी थेंब देत नव्हती; आज मोरीभर फेस काढते आणि थांबायचं नाव नाही.

मग बुडाचा आकडा वाचायचा. बाणांचा त्रिकोण, त्यात 1 ते 7 पैकी काहीतरी, तेही पारदर्शकावर पारदर्शक. भिंग लावून बाटली तिरकी केली की उरलेलं पाणी थेट बाहीत. 1 म्हणजे पीईटी, 2 एचडीपीई, 5 पॉलिप्रॉपिलीन. आधीच्या सहांत न बसणारे सगळे 7 मध्ये. मी विजयाने आकडा जाहीर करतो, तर मुलगी म्हणते, "बाबा, तो फक्त प्लॅस्टिकचा प्रकार. पुढे काही होईलच असं नाही." 1988 साली अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उद्योगाच्या संघटनेने ते आकडे आणले. म्हणजे जन्मदाखला आहे, पुनर्जन्माची हमी नाही.

त्यात झाकणाचं गोत्र वेगळं. पाण्यात झाकण तरंगतं, पीईटी बाटलीचा तुकडा बुडतो. कारखान्यातही त्यांची फारकत अशीच करतात. चकचकीत वेष्टन मुठीत चुरगाळायचं: चुरगळलेलंच राहिलं तर फॉइल, हळूच उलगडलं तर प्लॅस्टिक. हे माझ्याकडे बघत इतकं सावकाश उलगडतं की हसतंय असं वाटतं.

2015 पर्यंतच्या जगातल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांचं पुनर्चक्रण झालं, असा संशोधकांचा अंदाज आहे. तेव्हा धुण्यापेक्षा घरात न आणणं बरं, हे मला पटलं. (मोरीतल्या माणसाला लवकर पटतं.) म्हणून कापडी पिशव्या आणल्या. हौसेने, ढीगभर. मग मुलीने ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा 2011 चा अहवाल वाचून दाखवला: एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीशी हवामानाच्या हिशेबात बरोबरी करायला सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. प्रत्येक पिशवी!

आता मी काडेपेटी आणायलासुद्धा पिशवी घेऊन निघतो. उरलेल्या खेपा मृत्युपत्रात मुलीच्या नावे करणार आहे. अहवाल तिनेच वाचलाय.