परदेशातून : षटकं पोराच्या वयानं मोजा

इथं इंग्लंडात लेस्टरला दुपारचे चार वाजले होते, म्हणजे बेळगावात रात्रीचे साडेआठ. ताईचा फोन आला. भाचा तेरा वर्षांचा, डावखुरा, वेगात टाकतो. टिळकवाडीत लेले मैदानावर सराव करतो. त्याला सोळाखालच्या संघात घेतलंय आणि शिवाय रविवारी गल्लीतल्या मोठ्यांच्या संघानंही बोलावलंय. दाजी खूश. मागून त्यांचा आवाज ऐकू येत होता, "पोरगं चांगलं टाकायलंय, मग अडवायचं कशाला? तो वैभव सूर्यवंशी बघ!" ताई हळूच म्हणाली, "सकाळी उठलं की कंबर धरून बसतंय रे."

पोराला वयापेक्षा मोठ्यांत खेळवायचं की नाही, सध्या घरोघरी हाच वाद आहे. २८ एप्रिल २०२५ ला जयपूरमध्ये आयपीएलच्या सामन्यात चौदा वर्षांच्या वैभवनं ३५ चेंडूंत शतक ठोकलं आणि तेव्हापासून प्रत्येक बापाला आपलं पोर वयाच्या पुढं दिसतंय. मला त्या पोराचं अपार कौतुक आहे. सचिनही सोळाव्या वर्षी कराचीत कसोटीला उतरला होता. पण दोघेही उतरले ते बॅट घेऊन. तेराव्या वर्षी धावत येऊन, पाठ पिळून दिवसाला वीस षटकं टाकणं ही शरीराच्या दृष्टीनं अगदी वेगळी गोष्ट आहे. आणि आयसीसीनं २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेटसाठी किमान वय पंधरा ठरवलं, तेही लक्षात ठेवायला हवं.

इथल्या क्लबात मी शनिवारी गुणलेखनाला बसतो. आमच्या तिसऱ्या संघात वय झालेली माणसं आणि शाळेतली पोरं एकत्रच असतात. म्हणजे पोरांना मोठ्यांत खेळवणं इथंही सर्रास चालतं. फरक कुठं आहे ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. एका गुजराती कुटुंबातला तेरा वर्षांखालचा मुलगा आमच्याकडून टाकत होता. नाणेफेकीआधीच कप्तानानं पंचांना त्याचं वय सांगितलं होतं. पोरानं पाच षटकांत दोन बळी काढले, समोरचे गडगडायला लागले, आणि कप्तानानं चेंडू काढून घेतला. मी वहीवरून मान वर करून ओरडलो, "अजून एक ओव्हर दे की त्याला!" शेजारी समोरच्या संघाचे म्हातारे गुणलेखक होते. ते म्हणाले, संघ मोठ्यांचा असला तरी पाठ त्या पोराचीच आहे.

इथल्या क्रिकेट मंडळाचा नियम असा : तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजानं सलग पाच आणि दिवसात दहा षटकांपेक्षा जास्त टाकायची नाहीत. चौदा-पंधराखालच्यांना सहा आणि बारा. वय धरायचं ते गोलंदाजाचं, सामना कुठल्या गटाचा आहे ते बघायचं नाही. तेराखालच्या पोराला फलंदाजापासून अकरा यार्डांच्या आत, म्हणजे अर्ध्या खेळपट्टीच्या आत, क्षेत्ररक्षणाला उभं करत नाहीत. विकेटमागची ऑफ साइड तेवढी सोडली. मोठ्यांत खेळायला आई-वडिलांची संमती लागते. हे सगळं कशासाठी, तर वाढीच्या वयात कमरेच्या मणक्याला बारीक चीर जाते म्हणून. वेगवान गोलंदाजांचं हे नेहमीचं दुखणं. सुरुवातीला ते फक्त 'कंबर भरलीय' असंच वाटतं. ताईचं वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला तो यामुळं.

पण इथून उठून बेळगावला उपदेश करणं मला पटत नाही. आमच्या क्लबात अकरा, तेरा, पंधरा असे वेगवेगळे संघ आहेत. खानापूरकडच्या जंगलातल्या गावात शाळेचा कबड्डीचा संघ करायचा तर सहावीची आणि नववीची पोरगी एकत्र घेतल्याशिवाय सात जणी भरत नाहीत. तिथं मोठ्यांत खेळवायचं की नाही हा प्रश्नच नाही. खेळायचं की घरी बसायचं एवढाच प्रश्न आहे. आणि तिनं खेळावं, असंच मी म्हणेन.

शिवाय आपल्याकडं एक जुनं शहाणपण होतं. आमच्या गावच्या तालमीत वस्ताद जोड ठरवायचे तेव्हा जन्मदाखला कुणी मागत नसे. ते पोराचं मनगट धरायचे, खांद्यावरून हात फिरवायचे, मानेवर दाब देऊन बघायचे, मग म्हणायचे, "हाडं कच्ची हाईत, औंदा नको." इंग्लंडच्या फुटबॉल अकादम्या आज कधी कधी वयाऐवजी वाढीवरून गट पाडतात. आई-वडिलांची उंची, पोराची उंची-वजन यावरून तो मोठेपणी किती उंच होईल याचा अंदाज बांधतात आणि त्यातला किती टप्पा गाठलाय ते बघतात. ते वाचलं तेव्हा मला वस्तादांचा तो तेलकट अंगठा आठवला. आपलं ज्ञान आपण टाकून दिलं.

चौदाव्या वर्षी शेजारच्या गावच्या जत्रेत वस्ताद नव्हते. एका मल्लाचा जोडीदार आला नाही, हलगी वाजत होती, पंचांनी मला पुढं केलं आणि अप्पांनीही मान हलवली. समोरचा मिसरूड फुटून चार वर्षं झालेला. त्यानं मला उचललं तेव्हा तांबड्या मातीचा आणि ताकाचा वास नाकात शिरला, एवढंच आठवतं. डावा खांदा निखळला. कुस्ती तिथंच संपली. कुस्तीच्या जागतिक महासंघाच्या नियमात आज अठरा-एकोणीस वर्षांच्या मल्लालासुद्धा वरिष्ठ गटात उतरायला वैद्यकीय दाखला आणि पालकांची संमती लागते. मी चौदाचा होतो.

आणखी एका गोष्टीबद्दल आपण बोलत नाही. आपल्याकडं निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा, मास्तरांनी लावलेला. ती सवय खेळात वेगळ्या रूपात शिल्लक आहे. चौदाखालच्या स्पर्धेत दाढी करून आलेली पोरं मी बेळगावात डोळ्यांनी पाहिलीत. बीसीसीआय सोळाखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघते, पण तालुक्याच्या मैदानापर्यंत तो एक्स-रे पोचत नाही. तिथं खरं वय सांगणारं पोर आपल्याच गटात खेळूनही मोठ्यांतच खेळत असतं, आणि त्याची षटकं मोजायचं कुणाच्या मनातही येत नाही. वय चोरणाऱ्या पालकांना वाटतं आपण सरकारला फसवलं. मार बसतो तो शेजारच्या घरच्या पोराला.

म्हणून मी ताईला नको म्हणालो नाही. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखव म्हणालो, आणि कंबर बरी होईपर्यंत चेंडू हातात नको. मग सोळाखालच्या संघात जाऊ दे, तिथं त्याला शिकायला मिळेल. पण कप्तानाला वय सांगा, षटकं त्याच्या वयानं मोजा, आणि रविवारच्या सामन्यात तो फक्त फलंदाजी करेल. दोन महिन्यांनी जड गेलं तर परत चौदाखालच्यांत खेळेल आणि घरात कुणी त्याला 'उतरला' म्हणायचं नाही. यावर दाजी बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मोजायचं कुणी? तिथं सगळ्यांना बळी पाहिजेत."

"तुम्ही मोजा," मी म्हणालो.

डॉक्टरांनी सहा आठवडे थांबायला सांगितलं. ते गेल्या गुरुवारी संपले. रविवारी दाजींनी फोटो पाठवला : किराणाच्या वहीचं पान, वर तारीख, खाली सहा उभ्या रेघा. सातवी काढून खोडलेली आहे.