आधी टाच पडू दे

नमस्कार ताई,

‘ताल उपजत असावा लागतो. नसलेल्यांना “सरावानं जमेल” सांगणं म्हणजे खोटी आशा दाखवणं,’ असं तुम्ही लिहिलंत. शाळेत लेझीमच्या रांगेतून तुम्हाला बाहेर काढलं होतं, हेही. वाचून फार वाईट वाटलं. एवढ्याशा पोरीला असं बाजूला करायला नको होतं.

ताल न पकडता येणारी माणसं असतात, हे खरं. मॉन्ट्रियलच्या संशोधकांनी २०११ साली अशा एका तरुणाबद्दल लिहिलं. मेट्रोनोमच्या, म्हणजे एकसारखी टकटक करणाऱ्या यंत्राच्या, नुसत्या टकटकीबरोबर तो ठेक्यात हलायचा, पण गाण्यातला ठोका त्याला सापडायचा नाही. अशी माणसं मात्र फार थोडी. उपजत म्हणाल, तर २००९ साली झोपलेल्या नवजात बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला होता. मुख्य ठोका गाळला की त्यांच्या मेंदूत लगेच नोंद व्हायची. आणि मिरवणुकीत एखाद्या पथकाचा ठेका घसरला की तुम्हाला कळतं, हे तुम्हीच लिहिलंय. म्हणजे कान शाबूत आहे.

मग पाय का चुकतो? नदीपात्रात मी नव्या पोरांना ढोल शिकवतो. चुकणारे बहुतेक जण आधी ठोका ऐकतात, मग टिपरू उचलतात. उशीर तिथंच होतो. ठोक्याबरोबर बोट आपटायला सांगितलं, तर माणसं सहसा किंचित आधीच आपटतात, कारण मेंदू पुढच्या ठोक्याचा अंदाज बांधून तयार असतो. ज्याला चुकायची धास्ती बसलीय तो अंदाज बांधतच नाही, वाट बघत राहतो. तुमचंही हेच होत असावं, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या वर्षी पन्नाशीच्या एक काकू आल्या. सगळं लक्ष शेजारणीच्या टिपरूवर. मी ढोल सोडवून ठेवायला लावला. म्हटलं, डोळे मिटा आणि ताशाबरोबर तोंडानं एक-दोन-तीन-चार म्हणा, बस. दोन संध्याकाळी आवाजही मागे पडत होता. तिसऱ्या दिवशी मोजता मोजता त्यांची उजवी टाच आपसूक जमिनीवर पडायला लागली. त्यांना पत्ताच नव्हता. मीही बोललो नाही, बोललो असतो तर थांबली असती. पुढच्या आठवड्यात कमरेला ढोल बांधला.

तुम्ही घरी करून बघा. फार संथ गाणं घेऊ नका. ते सोपं वाटतं, पण दोन ठोक्यांमधलं अंतर वाढलं की अंदाज अवघड होतो. सेकंदाला साधारण दोन ठोके पडतील असं गाणं लावा, मोठ्यानं मोजा. लेझीम इतक्यात हातात घेऊ नका. आधी टाच पडू दे.