पुढचे दार नसलेले घर

मुलगी सिडनीला असल्यामुळे आमची यंदाची नाताळची सुट्टी तिकडच्या भर उन्हाळ्यात गेली. ऑपेरा हाउस आणि हार्बर ब्रिज यथासांग पाहून झाले. त्यांचे फोटो प्रत्येकाने कुणाच्या ना कुणाच्या भिंतीवर पाहिलेले असतातच, म्हणून त्यांच्याविषयी लिहीत नाही. लिहावेसे वाटते ते व्हॉक्लूज या समुद्राकाठच्या उपनगरातल्या व्हॉक्लूज हाउस नावाच्या जुन्या घराविषयी, कारण थोर माणसाचे घर लोकांना कसे दाखवावे याबद्दलचे माझे एक जुने मत तिथे पक्के झाले. ज्या गोष्टी घरच्यांनी चारचौघांत कधी काढल्या नसत्या, त्या सांगायची तयारी असेल, तरच ते घर संग्रहालय म्हणून जपण्यात अर्थ आहे.

बाहेरून ते एखाद्या लहानशा गढीसारखे दिसते. वर बुरूज आणि चर्या, समोर हिरवळ, आणि पलीकडे बंदराचे पाणी. आमचा आठ वर्षांचा नातू घराभोवती दोन फेऱ्या मारून आला आणि म्हणाला, "आजी, या घराला पुढचं दारच नाहीये." त्याने नीट पाहिले नसेल असे मला वाटले, पण खरोखरच नाही. दर्शनी प्रवेशाचा भाग बांधायचा राहिला तो राहूनच गेला.

या जागेला व्हॉक्लूज हे नाव दिले ते सर हेन्री ब्राउन हेज याने. एका श्रीमंत वारसदार मुलीला पळवून नेल्याबद्दल काळ्या पाण्यावर, म्हणजे त्या काळी ब्रिटिश कैद्यांची वसाहत असलेल्या या मुलखात, आलेला हा आयरिश सरदार. सापांच्या भीतीने त्याने आयर्लंडची माती मागवून घराभोवती पसरली, अशी कथा सांगतात. पुढे १८२७ मध्ये विल्यम चार्ल्स वेंटवर्थ याने ही इस्टेट घेतली आणि वाढवत वाढवत पाचशे एकरांच्या वर नेली. सिडनीमागची ब्लू माउंटन्स ही डोंगररांग १८१३ मध्ये ओलांडणाऱ्या तिघांपैकी तो एक. वकील, वृत्तपत्रकर्ता, सिडनी विद्यापीठाच्या स्थापनेतला प्रमुख माणूस आणि न्यू साउथ वेल्स या वसाहतीच्या राज्यघटनेचा एक शिल्पकार. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे अर्धपुतळा, हार आणि काचेच्या कपाटातला चष्मा यांची सोय सहज झाली असती.

इथे मात्र आम्हाला आधी ऐकायला मिळाली ती त्याच्या आईची गोष्ट. कॅथरिन क्राउली ही कपड्यांच्या चोरीबद्दल शिक्षा होऊन आलेली कैदी होती. वडील डार्सी हे सर्जन. वाटमारीच्या आरोपांतून सुटलेले आणि आपण होऊन वसाहतीत आलेले. वेंटवर्थची बायको सारा कॉक्स हिचे आईबाप दोघेही कैदी म्हणूनच आलेले. लग्नाचे वचन मोडल्याबद्दल साराने १८२५ मध्ये एका जहाजाच्या कप्तानावर दावा लावला, तो जिंकून १०० पौंड मिळवले, आणि तिची बाजू मांडणारा वकील होता हाच वेंटवर्थ. दावा चालू असतानाच ती त्याच्यापासून गरोदर होती. लग्न झाले ते १८२९ मध्ये, म्हणजे पदरी मुले असताना. एकूण दहा मुले झाली, नवरा वसाहतीतल्या बड्या लोकांत जाऊन बसला, पण प्रतिष्ठित घरांतल्या बायकांनी साराला कधी आपल्यात घेतले नाही. हे ऐकल्यावर दिवाणखान्यातले युरोपहून आणलेले सामान मला वेगळे दिसू लागले. इतके सामान, आणि चहाला यायचे कोण?

हे सारे त्या दाखवणाऱ्या बाई अगदी सहज सांगत होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, या न्यायाने आपण थोरांच्या घरांतून एवढे काढून टाकतो की मागे माणूस उरतच नाही. उरतो तो जन्म, कार्य आणि निधन. माझ्या यजमानांचे मत वेगळे पडले. मेलेल्या माणसाच्या घरातल्या भानगडी मुलांपुढे कशाला, असे ते म्हणाले. पण नातवाने त्या घरातले दुसरे काहीही लक्षात न ठेवता "म्हणजे त्याची आई चोर होती?" एवढे मात्र तीनदा विचारले, आणि चोरी केली म्हणून कुणाला जगाच्या दुसऱ्या टोकाला कसे पाठवतात, यावर बसमध्ये आमची बरीच चर्चा झाली.

मी सर्वांत जास्त वेळ घालवला तो स्वयंपाकघरात. तांब्याची पातेली मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने मांडलेली होती. एकाच्या काठाशी कल्हई उडून लाल तांबे उघडे पडले होते आणि मला आमच्या अंगणातला कल्हईवाल्याचा भाता आठवला. माझी तक्रार आहे ती इथेच. या इस्टेटीवर राबायला सरकारकडून कैदी मिळत असत. मालकाच्या आईची कथा इतकी मोकळेपणाने सांगणाऱ्यांनी त्या चुलीपुढे उभ्या राहणाऱ्यांविषयीही तितकेच बोलायला हवे होते. कदाचित आमची वेळ चुकली असेल. घर आठवड्याचे सगळे दिवस उघडे नसते, त्यामुळे असते तेव्हा गर्दी होते.

तिथून वॉटसन्स बे जवळच आहे. आज तिथली घरे डोळे पांढरे करणाऱ्या किमतीची असली, तरी मुळात ही कोळ्यांची आणि जहाजांना वाट दाखवणाऱ्या पायलटांची वस्ती होती. नावही रॉबर्ट वॉटसन या पायलटावरून पडले. एका बाजूला बंदराचे शांत पाणी, मुले वाळूत. चार पावले चढून दुसऱ्या बाजूला गेले की खाली एकदम खुला समुद्र आणि उभे कडे. ऑगस्ट १८५७ मध्ये 'डनबार' हे जहाज रात्री या कड्यांवर आपटले, १२१ माणसे गेली आणि एकच वाचला. पुढच्याच वर्षी बंदराच्या तोंडाशी तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा हॉर्नबी दीपस्तंभ उभा राहिला. जहाजाचा गंजका नांगर कड्यापाशी ठेवला आहे. नातवाला त्यावर चढायचे होते. चढू दिले नाही.

परतीच्या फेरीबोटीत बसल्यावर लक्षात आले की घराजवळच असलेली वेंटवर्थची समाधी पाहायची राहिली. तो १८७२ मध्ये इंग्लंडमध्ये वारला, पण त्याच्या इच्छेप्रमाणे देह इकडे आणून १८७३ मध्ये व्हॉक्लूजच्या खडकात पुरला. सारा १८८० मध्ये गेली, तीही इंग्लंडमध्येच, आणि ती तिथेच राहिली.