आज्यांना डिप्रेशन नव्हतं म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, की आपल्या आज्या पहाटे उठून शेतात राबायच्या, सगळ्यांना वाढून मग जेवायच्या, पुरुषही निमूट सोसायचे, म्हणून कोणाला डिप्रेशन नव्हतं. मला हे वाचून रागच आला.

नव्हतं हे ठरवलं कोणी? आजी म्हणायची मना जीव घाबरस, डोकं जड झालंय, रात्रभर डोळा लागत नाही. घरचे म्हणायचे बाहेरचं झालंय, न्या भगताकडे. उदासी पुष्कळदा अशीच अंगदुखी, धडधड, मेलेली भूक होऊन बाहेर येते, पण तपासलं कोणी?

आणि शेवटी जेवणं हा संस्कार, हे तर मला अजिबात पटत नाही. पाहुणे आले की शेवभाजी आधी पुरुषांना, मग पोरांना, आणि बाईच्या वाट्याला तळाचा रस्सा न सकाळची कळण्याची भाकर. वर्षानुवर्षं असं जेवून भूक मारायची सवयच लागते, त्यात मिसरी. दात घासायला म्हणून सुरू होते पण आहे ती भाजलेली तंबाखूच, निकोटीन भूक मारतं, घडीभर बरं वाटतं, असर उतरला की चिडचिड, बेचैनी, म्हणून परत बोट डबीत. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायांना ॲनिमिया निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त. रक्त कमी असलं की थकवा येतो, चक्कर येते, कशात लक्ष लागत नाही, आणि अशा बाईला आपण आळशी म्हणतो!

कामात मन रमतं म्हणे. हातपाय हलवले की मनाला बरं वाटतं, हे खरंय. पण दिवसभर कापूस वेचून आल्यावर परत चूल, भांडी, सासऱ्यांचं पथ्य, आणि थांबायचं कधी हे तिच्या हातात नाही, झोप अर्धवट, त्यात मन कुठून रमणार?

पुरुषांचं निमूट सोसणं तर जिवावर बेततंय. एनसीआरबीच्या, म्हणजे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांत 2021 ला देशात 1,64,033 आत्महत्या आहेत, त्यात 1,18,979 पुरुष. प्रत्येकाचं कारण वेगळं असेल, पण कर्ज झालं, पीक गेलं तरी बायकोजवळसुद्धा बोलायचं नाही असं लहानपणापासून शिकवलेला माणूस मदत मागणार कशी?

मेसेज पुढे पाठवायचाच असेल तर त्यात टेली मानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, 14416 हा नंबर टाका, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, रात्री-अपरात्रीही लागतो.