‘पाच मिनिटांत आलोच’ म्हणायची योग्य पद्धत

प्रोग्रामर कितपत मुरलाय हे त्याच्या कोडवरून ठरवायला जाऊ नये. आतून ‘येतोयस ना?’ अशी हाक आल्यावर मान न वळवता, बोटं न थांबवता आणि आवाजात शंकेचा लवलेशही न ठेवता त्याला ‘पाच मिनिटं’ म्हणता येतं का, तेवढं बघावं. नवखे इथेच घसरतात. ‘बघतो, थोडा वेळ लागेल बहुतेक’ असं खरं बोलून बसतात. त्या ‘बहुतेक’ने घरचे सावध होतात, पुढचा प्रश्न विचारतात, आणि त्याचं उत्तर देईस्तोवर कुठलं व्हेरिएबल कुठून आलं याची डोक्यात रचलेली उतरंड कोसळते. खरं बोलण्याची ही किंमत आहे.

पाचच का, तर त्याला कारण आहे. ‘दोन मिनिटं’ म्हटलं की विचारणारा दारातच उभा राहतो. ‘दहा’ म्हटलं की घड्याळ बघून जातो. ‘पाच’ म्हटलं की जातो, आणि घड्याळही बघत नाही.

हा आकडा काढण्याची रीत साधी आहे: फक्त टायपिंगचा वेळ धरायचा. बदलायची ओळ एक, अक्षरं चाळीस, म्हणजे एक मिनिट. वर चार मिनिटं राखीव. ती ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे, तिथे ती कुणी आणि का लिहिली, आणि ती बदलल्यावर आणखी काय काय लोळण घेईल, याला टायपिंग म्हणत नाहीत, सबब ते हिशेबात येत नाही. हल्ली कोड लिहून देणारे एआय मदतनीस आलेत, त्यामुळे टायपिंगचं ते एक मिनिटही वाचलं. राखीव चार मिनिटं मात्र पूर्वीइतकीच लांब आहेत.

घरी याला थापा म्हणतात. ऑफिसात याच कलेला एस्टिमेशन म्हणतात आणि तिच्यासाठी मीटिंगरूम बुक होते. तिथे प्रत्येकाच्या हातात पत्ते असतात, ०, ½, १, २, ३, ५, ८, १३, २०, ४०, १०० अशा आकड्यांचे. एकाचं बघून दुसऱ्याने पान टाकू नये म्हणून सगळ्यांनी एकदम दाखवायचे. तुम्ही पाचचं पान टाका. ३ टाकलं तर ‘इतकं सोपं असेल तर आजच दे’ असं होतं. १३ टाकलं तर ‘याचे तुकडे पाडा’ म्हणून आणखी एक मीटिंग लागते. पाचाकडे कुणी ढुंकून बघत नाही. पानावरचे आकडे म्हणजे कामाच्या आकाराचे ‘पॉइंट’, तास नव्हेत, हे सगळे एकमेकांना बजावून सांगतात; मग कुणीतरी एक्सेल उघडतो आणि पॉइंटांना तासांनी गुणतो.

बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतले टॉम कारगिल यांच्या नावावर एक नियम आहे. संगणकशास्त्रज्ञ जॉन बेंटले यांनी तो १९८५ साली आपल्या सदरात छापला. पहिल्या ९० टक्के कोडला ठरलेल्या वेळातला ९० टक्के वेळ लागतो, आणि उरलेल्या १० टक्के कोडला उरलेला ९० टक्के. बेरीज १८० होते. स्टेटस मीटिंगमध्ये ‘नव्वद टक्के झालंय’ असं सांगणारा माणूस म्हणूनच खोटं बोलत नसतो. तो फक्त कुठले नव्वद ते सांगत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पाच मिनिटांच्या कामाचा मुहूर्त शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचचा. घरी ‘आज वेळेवर निघतोय’ असं आधीच कळवून ठेवा, त्याशिवाय पुढच्या गोष्टीला रंग चढत नाही. आणि काम निवडायचं ते तारखेचं. तक्रार एका ओळीची असते: ‘जन्मतारीख एक दिवस मागे दिसते.’

आधी स्वतःच्या मशीनवर बघा. ग्रीनिचच्या पूर्वेला बसला असाल तर तारीख अगदी बरोबर दिसेल. ‘माझ्याकडे नीट चालतंय’ असं लिहून तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, बंद करा. याला खरोखरच पाच मिनिटं लागतात. तिकीट पुन्हा उघडलं जातं ते सहाव्या मिनिटाला.

आता कारण शोधा. जावास्क्रिप्टला ‘१९९०-०३-१५’ अशी नुसती तारीख दिली की ती त्या दिवसाची यूटीसीमधली, म्हणजे ग्रीनिचच्या जागतिक प्रमाणवेळेतली, मध्यरात्र धरते. त्या क्षणी ग्रीनिचच्या पश्चिमेला बसलेल्या ग्राहकाच्या घड्याळात चौदा तारीखच चालू असते. तुमच्या पूर्वेकडे पंधरा उजाडलेली असते, म्हणून तुम्हाला हा बग जन्मात दिसणार नाही. त्याच तारखेपुढे वेळही लिहिली आणि टाइमझोन मात्र लिहिला नाही, तर तीच भाषा ती स्थानिक वेळ समजते. शिवाय महिने शून्यापासून मोजायचे आणि दिवस एकपासून, म्हणजे मार्च हा दुसरा महिना. ही सवय जावाकडून उचललेली आहे, आणि तिच्यावर चिडायला पाच मिनिटांत जागा नाही.

जाणकार इथे तारखेत सरळ एक दिवस मिळवतात. पश्चिमेकडच्यांचं भागतं, पण तुमच्या स्वतःच्या स्क्रीनवर सोळा तारीख येते. मग अट घाला: यूटीसीपासूनचा फरक विचारून घ्यायचा आणि फक्त पश्चिमेकडच्यांनाच दिवस वाढवून द्यायचा. हा फरक सांगणारं फंक्शन यूटीसीतून स्थानिक वेळ वजा करून मिनिटं देतं, त्यामुळे पूर्वेकडे आकडा ऋण येतो आणि पश्चिमेकडे धन. नकाशावर बघून अट लिहिणारा माणूस ती उलटीच लिहितो. तुम्हीही लिहा.

एव्हाना पावणेसात झालेले असतात. फोन वाजतो. ‘निघालोच’ म्हणा. (घरातून काम करत असाल तर ‘उठलोच’ म्हणा. क्रियापद बदललं की तीच सबब नवी वाटते.)

याच सुमारास साक्षात्कार होतो: चूक कोडमध्ये नाहीच, मुळात डेटाबेसमधला कॉलमच चुकीचा आहे. जन्मतारखेसारख्या गोष्टीला कुणीतरी तास-मिनिटं असलेला टाइमस्टॅम्प लावून ठेवलाय. त्याला साधा डेट करून टाकला की सगळं जागच्या जागी मिटतं. ‘ऑल्टर टेबल’ ही टेबलाची रचना बदलणारी एका ओळीची कमांड. टेस्ट डेटाबेसमध्ये चाळीस ओळी असतात, तिथे तो डोळ्याचं पातं लवण्याआधी होतो. प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या डेटाबेसमध्ये, चार कोटी असतात, पण कमांड तीच आहे, तेव्हा वेळही तेवढाच लागणार.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नेमकं काय घडतं ते सांगून ठेवतो, म्हणजे घडताना ओळख पटेल. हा टाइप बदलायचा तर अख्खं टेबल नव्याने लिहावं लागतं, आणि तेवढा वेळ त्या टेबलावर सगळ्यात कडक कुलूप पडतं. वाचायलाही कुणाला जाता येत नाही. पण कुलूप मिळायच्या आधीच गंमत सुरू होते. दुपारी कुणीतरी त्याच टेबलावर मोठा रिपोर्ट लावून निघून गेलेला असतो. तुमचा ऑल्टर त्याच्यामागे निमूट उभा राहतो, आणि त्यानंतर येणारी प्रत्येक साधी सिलेक्टसुद्धा, म्हणजे नुसती वाचायची कमांडही, तुमच्यामागे रांगेत लागते. तुम्ही अजून कशालाही हात लावलेला नसतो आणि साइट बंद पडलेली असते. कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडण्यांचा ठरलेला साठा) भरतो, हेल्थ चेक (सर्व्हर जिवंत आहे का, ही तपासणी) फेल होतात, कामं वाटून देणारा लोड बॅलन्सर एकेक सर्व्हर आजारी समजून बाजूला काढतो, आणि सीपीयूचा आलेख मात्र तळाशी गाढ झोपलेला दिसतो. हा शांत आलेख बघून ‘आपल्याकडे काही नाही, नेटवर्कचा इश्यू दिसतोय’ असं चॅनेलवर टाकावं. निदान वीस मिनिटं मिळतात.

घाबरट लोक वेगळं करतात. ते लॉक टाइमआउट तीन सेकंदांवर ठेवतात, म्हणजे कुलूप मिळालं नाही तर त्यांची कमांड मुकाट्याने बाजूला होते. नवा कॉलम घालतात, जुन्यातला डेटा काही हजार ओळींच्या हप्त्यांनी त्यात भरतात, काही दिवस दोन्ही कॉलमांत लिहितात, पडताळणी होते, आणि मग कधीतरी मंगळवारी सकाळी जुना काढून टाकतात. या भानगडीत तीन डिप्लॉय, म्हणजे तीनदा नवा कोड चढवणं, आणि आठवडा जातो. तुम्ही पाच मिनिटांचा शब्द दिलाय.

रोलबॅकचा, म्हणजे केलेला बदल मागे घेण्याचा, विचार मनात येईल. कोड मागे जातो. कॉलममधून पुसलेले तास-मिनिटं परत येत नाहीत. स्थानिक मध्यरात्र यूटीसीत बदलून साठवलेल्या जन्मतारखा आधी फक्त पश्चिमेकडून बघताना एक दिवस मागे दिसत होत्या, आता ग्रीनिचच्या पूर्वेला राहणारे ग्राहक खरोखरच एक दिवस आधी जन्मलेले असतात. तक्रार पश्चिमेची होती, ती तुम्ही पूर्वेला पोचवलीत. बॅकअप कधीचा आहे, हे विचारायला हीच वेळ. तो रीस्टोअर करून कुणी कधी पाहिलाय का, हे मात्र आज विचारू नका. कमिटचा, म्हणजे कोडमधला बदल नोंदवतानाचा, संदेश: ‘मायनर फिक्स’.

रात्री घरचं कुणीतरी ‘नक्की झालंय तरी काय?’ म्हणून विचारेल. ही संधी दवडू नका. प्लास्टिकच्या बदकासमोर मोठ्याने बोलून स्वतःचा बग स्वतःच शोधण्याची जुनी पद्धत आहे. बदकाच्या जागी नवरा किंवा बायको बसवता येते. पहिल्यापासून सगळं सांगायचं, टेबलांच्या नावांसकट. समोरच्याने ‘हं’ म्हणायचं. चौथ्या ‘हं’ला तुम्ही मध्येच थांबून ‘अरे हो, तो रिपोर्ट!’ म्हणून लॅपटॉपकडे पळायचं. आभार मानण्याची प्रथा नाही. बदकाचे मानता का?

पण एक सांभाळा. घरच्यांनी तुमच्याकडे पाच मिनिटं मागितली की हिशेब उलटा चालवायचा. मावशीचा प्रिंटर हे त्याचं उत्तम उदाहरण. ‘तू दिवसभर कम्प्युटरवरच असतोस ना, मग जरा पाच मिनिटं बघ की,’ असं ती म्हणेल. मी सॉफ्टवेअरवाला, हा हार्डवेअर, हा युक्तिवाद आजतागायत एकाही मावशीने मान्य केलेला नाही. तेव्हा बसा. प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसतोय, पण त्यावरचा दिवा हिरवा आहे. बहुधा घरी राउटर नवा आलाय आणि त्याने प्रिंटरला दुसरा आयपी पत्ता दिलाय. कम्प्युटर अजून जुन्या पत्त्यावर कागद मागतोय. किंवा राउटरवरचं २.४ गिगाहर्ट्झचं नेटवर्कच कुणीतरी बंद केलंय आणि या प्रिंटरला ५ गिगाहर्ट्झ कळत नाही. राउटरमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवला की प्रश्न मिटतो, पण त्यासाठी राउटरचा पासवर्ड लागतो, आणि तो जपून एका कागदावर लिहिलेला असतो. कागद कुठे आहे ते काकांना माहीत, काका बाहेर गेलेत. तासाभराने काका येतात, पत्ता जुळतो, प्रिंटर खडबडून जागा होतो आणि एकाच पानाच्या अकरा प्रती ओकतो, कारण सकाळपासून मावशीने अकरा वेळा प्रिंट दाबलेलं असतं. आधी रांग रिकामी करायची असते, हे तुम्हाला माहीत होतं. ऑफिसातही माहीत होतं.

तुमचं पाचाचं गणित किती ताणता येतं असा प्रश्न पडत असेल, तर तांत्रिक मर्यादा एवढीच: १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजणारी ३२ बिटांची जुनी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी यूटीसीनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उलटी फिरून थेट १९०१ सालात जातात. त्याआधी जेवायला या.

घरच्यांची फार काळजी करू नका, त्यांनी आपली सोय केव्हाच करून घेतलेली असते. त्यांच्याकडे पत्ते नसतात, एक्सेल नसतं, पण तुमच्या प्रत्येक स्प्रिंटचा, म्हणजे कामाच्या हप्त्याचा, इतिहास असतो. घरातल्या सात वर्षांच्या पोरालाही कोष्टक पाठ असतं. ‘पाच मिनिटं’ आणि मागे कीबोर्डचा कडकडाट, म्हणजे पाऊण तास. ‘पाच मिनिटं’ आणि कीबोर्ड गप्प, म्हणजे दोन तास. आपण जेवून घ्यायचं. ‘हे कसं काय शक्य आहे?’ असं ऐकू आलं की दात घासून झोपायचं. ‘माझ्याकडे तर चालतंय’ ऐकू आलं तर उद्याचं फिरायला जाणं रद्द. आणि ‘झालं!’ अशी आरोळी आली तरी लगेच चपला घालायच्या नाहीत. दारापाशी थांबून त्यानंतर ‘अरे?’ येतोय का, याचा कानोसा घ्यायचा. साधारण पाच मिनिटं.