लाडक्या राइडचं सुतक कसं पाळावं

थीम पार्कमधली लाडकी राइड चालू आहे तोवर तिच्याकडे चुकूनही फिरकू नका. नवशिके इथेच फसतात. चालू राइडवर माया करायची म्हणजे तिच्या रांगेत उभं राहणं आलं, आणि रांगेत कुणाचा ऊर भरून येत नाही, पोटऱ्या भरून येतात. त्यापेक्षा तिच्या दारावरून नव्या कोस्टरकडे धावत सुटावं आणि जाता जाता "ती काय, नेहमीचीच आहे, वेळ उरला तर बघू" असं म्हणावं. वेळ उरत नाही. अशी पंधरा-वीस वर्षं गेली की एके सकाळी कंपनी जाहीर करते, अमुक तारखेपासून ही राइड कायमची बंद. आता रडा. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, आणि चरवी घेऊन पुढे बसायचा मान तुमचा आहे.

फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमधल्या 'मेलस्ट्रॉम'चे चाहते या बाबतीत आदर्श म्हणावेत असे. ही नॉर्वेची राइड १९८८ ते २०१४ चालली. बोटीतून व्हायकिंग, ट्रोल आणि पांढरी अस्वलं बघून उतरलं की पुढे थिएटरात नॉर्वेवरचा पाचेक मिनिटांचा माहितीपट असे. लोक एका दारानं आत यायचे, खुर्च्यांच्या रांगांमधून वाट काढत समोरच्या दारानं बाहेर पडायचे. २०१६ मध्ये त्याच पाण्यात, त्याच बोटींपुढे 'फ्रोझन'मधल्या बहिणी गाऊ लागल्या, तेव्हा याच मंडळींनी नॉर्वेची संस्कृती बुडाली म्हणून गळा काढला. पाच मिनिटं बसवलं नव्हतं, पण ते आता कोण विचारतो?

शोकासाठी राइड निवडताना मात्र घाई करू नये. नवख्यांना मी मिस्टर टोड सुचवीन. फ्लोरिडातलंच डिस्नेचं मॅजिक किंगडम पार्क १९७१ मध्ये उघडलं तेव्हापासूनची ही राइड. गोष्ट साधी. टोड नावाच्या बेडकाला मोटारीचं वेड, आणि त्या मोटारीत तुम्ही. दिसेल त्या भिंतीत घुसायचं, दिसेल ते पाडायचं, शेवटी समोरून येणाऱ्या आगगाडीवर आपटायचं आणि मरून थेट नरकात. तिथे लहान लहान सैतान थयथयाट करत असतात. मग दांडी वर होते आणि आईबाप पोराला खाली उतरवून घेतात. लहान मुलांच्या विभागात हे बिनबोभाट सत्तावीस वर्षं चाललं. बंद होणार अशी कुणकुण लागल्यावर लोकांनी निषेधाचे टी-शर्ट छापले, राइडसमोर जमून 'टोड-इन' केली, पण सप्टेंबर १९९८ मध्ये टाळं लागलंच. पुढच्या वर्षी त्या जागी विनी द पू हे मधवेडं अस्वल आलं. नरकाच्या जागी मध!

इथे तुम्हाला एक कर्तव्य आहे. पूच्या राइडमध्ये मुलांना घेऊन बसा. घुबडाच्या घरात शिरलात की भिंतीवर एक छोटी तसबीर दिसते, टोड त्या घुबडाच्या हाती जागेचे कागद सोपवतोय. नेमकं त्याच वेळी घरात वादळ शिरलेलं असतं, मूल ते डोळे विस्फारून बघत असतं. तुम्ही त्याची मान धरून तसबिरीकडे वळवा आणि कानात सांगा, "इथे आधी नरक होता." मूल रडलं तर बरंच. वारसा असाच पुढे जातो.

वंशावळ काढताना मात्र आपल्या जन्मसालाच्या मागे जाऊ नये. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमधलं 'स्प्लॅश माउंटन', म्हणजे डोंगरावरून पाण्यात घसरायची राइड, बंद झालं २०२३ मध्ये. आपण म्हणायचं, मूळचं काही ठेवायचंच नाही का यांना? मग एखादा आगाऊ सांगेल, की १९८९ मध्ये तो डोंगर उभारताना त्यातली गाणारी जनावरं दुसऱ्या एका बंद पडलेल्या कार्यक्रमातून उचलून आणली होती. 'अमेरिका सिंग्ज' त्याचं नाव, १९७४ ते १९८८. बरं, तो तरी मूळचा? तोही ज्या फिरत्या थिएटरात भरायचा तिथे आधी 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' होतं, आणि ते न्यूयॉर्कच्या १९६४ च्या जागतिक प्रदर्शनातून आलेलं. म्हणजे तुमच्या लाडक्या डोंगरात मेलेल्यांचे अवयव बसवले होते, आणि त्या मेलेल्यानं आणखी एकाची जागा बळकावली होती. अशा माणसाला पुढच्या वेळी सोबत नेऊ नये.

याच डोंगराबाबत दुसरा खडा दातांखाली येतो. त्याची गोष्ट १९४६ च्या ज्या चित्रपटातून घेतली, त्यात गुलामगिरी संपल्यानंतरच्या मळ्यावर काळे मजूर असे आनंदानं गात नांदताना दाखवलेत, की खुद्द कंपनीनं तो अमेरिकेत घरी बघायला व्हिडिओवर कधीच आणला नाही. कुणी हा विषय काढलाच, तर "आम्हाला बाबा त्यातला ससाच आवडायचा" म्हणावं आणि पुढचा प्रश्न यायच्या आत उसासा टाकावा. फ्लोरिडातला त्याच नावाचा डोंगर जानेवारी २०२३ मध्ये बंद झाला, तेव्हा काही धोरणी भाविकांनी त्यातलं पाणी बरण्यांत भरून ईबेवर विकायला ठेवलं. हजारो अनोळखी लोकांच्या बुडांवरून वाहिलेलं, क्लोरीन मारलेलं पाणी. तीर्थ म्हणून जपून ठेवण्याजोगं. जून २०२४ मध्ये तिथे टियाना या डिस्नेच्या राजकन्येची राइड सुरू झाली. पन्नासएक फुटांची तीच घसरगुंडी, खाली तोच डोह, आणि बाहेर येणाऱ्यांच्या चड्ड्या तितक्याच ओल्या. पण ओलेपणात पूर्वीची मजा नाही, असं म्हणायला विसरू नका.

हुकमी वाक्य एकच: "वॉल्ट असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं." हे कुठेही चालतं. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले, फ्लोरिडातलं पार्क उघडलं त्याच्या पाच वर्षांनी, आणि तुम्ही ज्यांच्यासाठी ऊर बडवताय त्यातल्या बहुतेक राइड त्यांनी पाहिल्याही नव्हत्या. त्यांची स्वतःची तऱ्हा तर विचारू नका. डिस्नेलँड कधीच पूर्ण होणार नाही असं ते सांगत, आणि १९५५ च्या अखेरीस थाटलेली सर्कस त्यांनी दोनेक महिन्यांत गुंडाळलीसुद्धा. मोठी माणसं आपल्या बाजूला हवीत तर ती आधी मेलेली असावीत, म्हणजे मध्येच तोंड उघडत नाहीत.

वासाचं अंग ज्याला साधलं तो पट्टीचा शोककर्ता. एपकॉटमध्ये १९८३ ते १९९९ 'होरायझन्स' होतं. त्यात भविष्यातलं वाळवंट हिरवंगार करून फळबागा लावलेल्या, आणि तिथून जाताना संत्र्याचा वास सोडत. चार लोक जमले की डोळे मिटून, मान जराशी मागे टाकून म्हणावं, "तो संत्र्याचा वास!" बस. ज्यांनी घेतलाय ते मान डोलावतील, ज्यांनी नाही त्यांना न्यूनगंड येईल. आपण भविष्यकाळाच्या आठवणीनं व्याकूळ होतोय हे लक्षात आलं तरी थांबू नका. राइडचा खर्च उचलणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकचा करार १९९३ मध्येच संपला होता, हेही मध्येच सांगू नका. पुरस्कर्ता सुटला म्हणून संत्री सुकली, यात कसलं आलंय काव्य? २००३ मध्ये त्या जागी आलेल्या 'मिशन स्पेस'मध्ये गरगरतं म्हणून समोर ओकारीची पिशवी ठेवलेली असते. तुलनेसाठी एवढं पुरे.

हाताशी संत्री नसतील तर ढेकर चालेल. २००४ ते २०१८ मॅजिक किंगडममध्ये स्टिच नावाच्या कार्टून प्राण्याचा एक कार्यक्रम होता. त्यात तुम्हाला खुर्चीत अडकवून दिवे मालवत आणि तो निळा प्राणी अंधारात तुमच्या तोंडावर चिली डॉगच्या वासाची ढेकर देई. चालू होता तोवर लोकांनी त्याला शिव्या घातल्या. आता पुरेशी वर्षं झाली आहेत. सुरुवात करायला हरकत नाही.

डिस्नेच्या स्पर्धक युनिव्हर्सल पार्कवाल्यांचं दुःख थोडं वेगळं, पण त्यात फार वेळ घालवू नये. "हल्ली सगळे पडदेच पडदे" हे त्यांचं पालुपद, आणि ते 'बॅक टु द फ्युचर'च्या आठवणीनं म्हणायचं असतं. ती १९९१ ते २००७ चाललेली राइड म्हणजे एका अवाढव्य पडद्यासमोर हिंदकळणारी गाडी होती. 'जॉज'चा शार्क तर १९९० मध्ये उद्घाटनापासूनच असा बंद पडत राहिला, की राइड नव्यानं बांधून १९९३ मध्ये पुन्हा उघडावी लागली. त्याच्याबद्दल बोलताना "तेव्हाची यंत्रं कशी दणकट" असं म्हणावं.

आणि शेवटी फिगमेंट. एपकॉटमधल्या या जांभळ्या ड्रॅगनची राइड १९८३ मध्ये सुरू झाली, सोबतीला ड्रीमफाइंडर नावाचा लाल दाढीचा गृहस्थ. १९९८ मध्ये राइड बंद करून वर्षभरानं नवी आणली, तिच्यात तो जवळजवळ नव्हताच. लोकांनी एवढा गहजब केला की २००२ मध्ये त्याला परत आणावं लागलं. मागणी मान्य झाली ना? मग त्याच्याकडे पाठ फिरवायला आपण मोकळे. जानेवारी २०२२ मध्ये फिगमेंटच्या आकाराची पॉपकॉर्नची बादली विकायला आली, तेव्हा तिच्यासाठी भक्त तासन्‌तास रांगेत उभे होते. बादली जांभळी, प्लॅस्टिकची, गळ्यात अडकवायला पट्टा. घरी नेऊन कपाटावर ठेवा, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवा आणि म्हणा, पूर्वीचा फिगमेंट राहिला नाही.

त्याची राइड अजून चालू आहे. बहुतेक वेळा रांगही नसते. तिकडे फिरकू नका.